खिळा काढलेला चाकू

३ नोव्हेंबर

आलो एकदाचा. वरच्या मजल्यावर खोली मिळाली आहे आणि खिडकीखालीच चाकूवाल्यांची गल्ली. दिवसभर कानशी घासल्याचा आवाज येतो. मला तो गोड वाटतो, यावरून माझी अवस्था ओळखावी. सामान वर चढवताना घरमालकीणबाईंनी पेटीत दगड भरलेत का, असं विचारलं. चाकू आहेत म्हटल्यावर त्या दोन पायऱ्या मागे सरल्या. जुने, घडीचे, खिशात ठेवायचे, मी नुसते जमवतो, असं सांगितल्यावर हसल्या. म्हणाल्या, त्यांच्या मेव्हण्यांनी निवृत्त झाल्यावर पोपट पाळला, त्यापेक्षा हे बरं, निदान बोलत तरी नाहीत.

बायकोला फोन केला. तिचा टोमणा तयारच होता: जगाच्या चाकूंना तेल घालत हिंडता, न्हाणीघराच्या दाराची बिजागरी कुरकुरून मेली. आठवड्याभरात परत येतो म्हटलं.

माझ्याकडच्या प्रत्येक चाकूचं गाव मला ठाऊक आहे, फक्त एकाचं नाही. काळ्या शिंगाची मूठ, रुंद पातं आणि मिटताना असा खटका, की ऐकणाऱ्याने मान वर करावी. पात्यावर कारागिराची खूण मात्र कुठेच नाही. घडणीवरून इथलाच वाटतो. तेवढं पक्कं करायला आलोय.

५ नोव्हेंबर

गल्लीतले सगळ्यात जुने कारागीर म्हणजे मिस्त्री. त्यांना याच नावाने हाक मारतात. माझा चाकू त्यांनी नुसता एकदा उघडून मिटला आणि कानाशी नेऊन म्हणाले की आवाज घरचा वाटतो. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

इथे खूण पात्यावर नाही, आत, शिंगाखाली ठोकतात. मी म्हटलं, मग गिऱ्हाइकाला कळणार कसं? ते म्हणाले, गिऱ्हाइकासाठी ती नाहीच. चाकू दुरुस्तीला आला तर कोणाच्या हातचा ताण आत कोंडलाय हे आम्हाला कळावं म्हणून आहे. पाठीची पोलादी पट्टी जोर लावून वाकवतात आणि खिळा ठोकून तशीच अडकवतात. ती जन्मभर सुटायला बघते, खिळा तिला धरून ठेवतो.

त्यांनी एक जुना चाकू माझ्यासमोर खोलला. आधी शेजारी सुताराची घडीची लाकडी पट्टी उलगडून ठेवली. मोजलं काहीच नाही. खिळा निघाला तशी ती लाकडी पट्टी खटकन मिटली. धक्क्याने मिटली असणार. मिस्त्रींनी ती उचलून भट्टीत टाकली. चांगली पट्टी होती. प्रत्येक धंद्याची आपापली खुळं असतात.

माझा चाकू सोमवारी खोलू म्हणाले. तोवर हात लावू नका, असं दोनदा बजावलं.

६ नोव्हेंबर

सोमवारपर्यंत दम निघाला नाही. आजवर किती चाकू मी स्वतः खोललेत. जेवण झाल्यावर खिडकीशी बसलो, बारीक सळई धरून हातोडीने हलके ठोके दिले आणि खिळा बाहेर काढला. पट्टी अशी उसळली की हातभर झिणझिण्या गेल्या. शिंग बाजूला केलं आणि खाली खूण! तीन ठिपके आणि एक आडवी रेघ. मिस्त्रींच्या दुकानाच्या चौकटीवर हीच कोरलेली आहे. इतक्या वर्षांचा शोध संपला. बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, झालं ना, मग या आता घरी.

सगळे भाग कागदावर मांडून त्यांचं चित्र काढलं. संध्याकाळी उजवी करंगळी तळहाताकडे वळली ती सरळ होईना. चित्र काढताना अवघडली असेल.

७ नोव्हेंबर

चहा देताना घरमालकीणबाईंना माझं बोट दिसलं. अशा उसणी आपण ढीगभर काढल्यात म्हणाल्या, आणि मी नको म्हणेपर्यंत करंगळी धरून खेचली. खट्. करंगळी मोकळी झाली. दुखलं नाही, उलट बरं वाटलं.

त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. त्यांची करंगळी मिटली होती.

दुपारी माझी त्याच हाताची बाकीची चारही बोटं मिटली. प्रत्येकाचा वेगळा खटका. तो मी ओळखतो.

८ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितोय. मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मूठ पाहिली आणि कानस खाली ठेवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ही खूण त्यांच्या वडिलांची. वडिलांचा जोर भारी होता. कोंडलेला ताण सुटला की जवळचा सांधा धरतो. लाकडाचा असेल तर लाकडाचा, म्हणून ती पट्टी.

त्यांनी माझ्याजवळ तशा पट्ट्या मांडून पाहिल्या. एकही हलली नाही. चाकूत नवा खिळा ठोकला. पातं लुळं पडलं, त्यात काहीच उरलं नव्हतं. जिवंत सांधा लाभल्यावर तो लाकडात परतत नाही, म्हणाले. कोणी ओढून उघडलं तर मात्र जातो, ओढणाऱ्याकडे. मग एवढंच म्हणाले, की घरी जाऊ नका.

घरमालकीणबाईंची पूर्ण मूठ मिटली आहे. बहिणीकडे जाते म्हणाल्या. माझ्याकडे न बघता बोलत होत्या.

९ नोव्हेंबर

उजवं कोपर. मग गुडघे, एकापाठोपाठ. खाटेवर कुशीवर पडलोय, पाय पोटाशी. डावी बोटंही जाणार, म्हणून ती चालताहेत तोवर मोकळ्या करंगळीला दोऱ्याने पेन्सिल बांधून घेतली. बाईंच्या जिवावर मोकळी झालेली करंगळी. वही तोंडाशी आहे.

मिस्त्री येऊन दारात उभे राहिले. आत आले नाहीत. आपल्या लोकांत असं झालेला कारागीर दार लावून घेतो आणि कोणाला शिवू देत नाही, असं म्हणाले. पुढे काय होतं ते मी विचारलं नाही. बाहेरून कडी लावायला सांगायला हवं होतं. ते गेल्यावर सुचलं.

१० नोव्हेंबर

फोन वाजला. नाकाने दाबला. बायको.

सांगू शकलो नाही. जबडाही मिटलाय. नुसता घशातून आवाज.

ती घाबरली. तिथेच पडून राहा म्हणाली, पहिल्या गाडीने निघते.

आमच्या इमारतीत कोणाचीही बरणी अडकली की तिच्याकडे येते. ती पदरात धरते, दात आवळते, उघडते. उघडल्याशिवाय खाली ठेवत नाही —

नको येऊस

११ नोव्हेंबर, सकाळ

तिने ओढलं तर मी सुटेन. सगळा. सरळ उभा राहीन. आणि ती —

रात्रभर हेच. एकदा वाटलं, येऊ दे. वाटलं मला. लिहून ठेवतो.

मान छातीला लागते आहे. कागद नीट दिसत नाही.

मिस्त्री, कोणीही, खाली थांबवा तिला

दुपार

खाली तिचा आवाज. कोणाला तरी खोली विचारते आहे. जिना —

मोठ्या अक्षरात लिहितो:

शिवू नकोस. आधी वाच.

वही खाटेच्या कडेला ढकलली. करंगळी पोचते तेवढीच. दार उघडलं. माझं नाव घेते आहे. वहीकडे बघ. हाताकडे नको, वहीकडे. पिशवी टाकली तिने. गुडघ्यांवर बसली. अगं वहीक