टेरेसवरची पंचवीस वर्षं

२५ सप्टेंबर २०२२, रविवार
आज जनरल बॉडीत जिंकलो. टेरेसवर सोलर बसणार आणि माझ्या पद्धतीने बसणार.
चेअरमन गोटीरामशेठचं म्हणणं साधं होतं. करावे गावातल्या घरावर त्यांनी मोनो जातीचं पॅनेल लावलंय, चांगलं चालतंय, तेच सोसायटीत लावा. मी उठून विचारलं, पंचवीस वर्षांनी चालेल? पावणे एमआयडीसीतल्या पेंट कंपनीत आयुष्यभर क्वालिटी कंट्रोल केलेल्या माणसाला टिकाऊपणा कोणी शिकवू नये.
ठराव असा: मोनो, पॉली आणि थिन फिल्म, तिन्ही प्रकारची पॅनेलं शेजारी शेजारी लावायची. वर आपलं ऊन, आपला पाऊस, सीवूड्सच्या खाडीची खारी हवा. कुठलं टिकतं ते सेक्रेटरी या नात्याने मी बघणार. शेवटी सगळ्या नव्या मुंबईला उपयोगी पडेल असा रिपोर्ट.
घरी मीना म्हणाली, पंचवीस वर्षांनी तुम्ही शहाऐंशीचे असाल. म्हटलं, असेन. त्यात काय?

१९ नोव्हेंबर २०२२
पॅनेलं बसली. मितेश म्हणून पावण्याचाच सप्लायर आहे. हुशार माणूस. तिन्हींवर पंचवीस वर्षांची वॉरंटी लेखी दिली. त्याची कंपनी मागच्या दिवाळीत सुरू झाली, पण सुरुवात प्रत्येकाची कधीतरी होतेच.
मोनो काळंभोर, पॉली निळं. थिन फिल्म म्हणजे काचेवर दिलेला पातळ थर. फ्रेमबिम काही नाही, नुसती काच, एकसंध, आरशासारखी. बघताक्षणी आवडलं. थरातलं मला कळतं.
स्टँड पक्के करायला स्लॅबमध्ये ड्रिलिंग करावं लागलं. खालच्या, म्हणजे सातव्या मजल्यावरच्या मालतीबाई दोनदा वर आल्या. एकट्या राहतात, आवाजाचा त्रास झाला. म्हणाल्या, "श्यामभाऊ, वॉटरप्रूफिंगला भोकं पाडताय का?" मितेशने सांगितलं, आंटी, केमिकल भरलंय, टेन्शन नका घेऊ. मीही सांगितलं.

८ जानेवारी २०२३
पहिला रिपोर्ट नोटीस बोर्डवर लावला. थिन फिल्म पहिलं, मोनो दुसरं, पॉली तिसरं.
गोटीरामशेठ लिफ्टपाशी उभं राहून वाचत होते. मीटर तर खाली एकच हाय, म्हणाले. "मंग कोन किती वीज देतंय त्या तुमाला कसा कलतंय?"
म्हटलं, निरीक्षणाने.
मग घरी येऊन मितेशला फोन. तो म्हणाला, काका, तिन्ही एकाच लाइनीत जोडलीत, वेगळं रीडिंग कुठून येणार? उलट सगळ्यांत मंद पॅनेल बाकीच्यांना मागे खेचतं. हे आधी सांगायला हवं होतंस, म्हटलं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणाला.
काही बिघडलेलं नाही. टोटल आकडा मिळतो. त्याची तीन भागांत वाटणी मी नजरेने करीन. पेंटची जाडी मी नजरेने सांगायचो.

२ एप्रिल २०२३, सकाळी
संकल्प: रोज सकाळी पॅनेलं धुवायची. तिन्ही. समान पाण्याने.

६ एप्रिल २०२३
फक्त थिन फिल्म धुतलं. पाठ दुखते. हा पक्षपात नाही. ते नाजूक आहे, नाजुकाला लक्ष जास्त लागतं. मीनाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगताय?" आणि आत गेली. काय म्हणायचं होतं कळलं नाही.

११ जुलै २०२३
मालतीबाईंच्या बेडरूममध्ये ओल आली. छताला पिवळा डाग, साधारण पोळीएवढा. सोलरशी संबंध जोडू नये असं त्यांना नम्रपणे सांगितलं. पावसाळ्यात ओल येतेच. पावसाळा गेला की जाते.

१७ डिसेंबर २०२३
थिन फिल्मच्या कडेने पांढुरकं काहीतरी आत सरकतंय. दोन काचांच्या मधे. पुसून जात नाही, कारण आतून आहे. खारी हवा शिरली असावी. पॉलीच्या पाठीमागची प्लास्टिकची शीट पिवळी पडली, तिला बारीक चिरा.
मोनो जसंच्या तसं. मोनोत काही घडतच नाही. अभ्यासाच्या दृष्टीने अगदी निरुपयोगी पॅनेल.
टोटल आकडा घसरलाय. जिन्याच्या लाइटचं बिल पूर्वीएवढंच येणार. नोटीस बोर्डवर 'हंगामी चढउतार' असं लिहिलं.
मीना सकाळपासून पुण्याच्या लेकीशी, अबोलीशी फोनवर. अबोलीला दिवस गेलेत. पुण्याला कधी येताय, असं अबोलीने मला विचारलं. उन्हाळ्याचं रीडिंग झालं की, म्हटलं.

१० मार्च २०२४
फार वाईट दिवस. कोणाला सांगितलेलं नाही.
थिन फिल्मच्या मागच्या कडेला हात पोचेना म्हणून मोनोवर पाय ठेवला. एकच पाय. आधी चप्पल काढून. बारीक 'कट्' असा आवाज आला. वरून काहीच दिसत नाही. कदाचित माझा गुडघा वाजला असेल. गुडघाच.

२१ एप्रिल २०२४
मोनोवर जिथे पाय ठेवला होता तिथे तपकिरी डाग. हात लावला तर चटका बसला, शेजारची जागा त्या मानाने गार.
निष्कर्ष: मोनो दिसायला दणकट, पण सहनशक्ती कमी.
हा निष्कर्ष लिहिला आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बराच वेळ बसून राहिलो. आता तिन्ही बिघडली. तीनपैकी एक तरी बरोबर निघेल म्हणून तर तीन लावली होती.
संध्याकाळी अबोलीचा फोन. मुलगी झाली. आनंद झाला. खरंच झाला. मीना रात्रीच्याच बसने गेली. तिने माझीही बॅग भरली होती. ती मी दाराशी ठेवून दिली, दोन दिवसांत निघायचंय म्हणून.

१२ मे २०२४, रविवार
आज पुण्याला नातीचं बारसं.
मी गेलो नाही. पॅनेल बनवणाऱ्या कंपनीकडून वॉरंटीचा इन्स्पेक्टर आजच येणार होता. मितेशनेच सांगितलं होतं, काका, संडेला नक्की. आता इन्स्पेक्टर आला आणि सेक्रेटरी जागेवर नाही, तर क्लेम गेला. हे अबोलीला फोनवर नीट समजावलं. ती म्हणाली, "ठीक आहे बाबा." ठीक आहे म्हणाली म्हणजे तिला पटलं.
टेरेसवर छत्री घेऊन बसलो. ऊन भयंकर. दुपारी मीनाने व्हिडिओ कॉल केला. उन्हात स्क्रीन दिसत नव्हती, नुसता पाळण्याचा आवाज आणि बायका गातायत. मी मोठ्याने विचारलं, नाव काय ठेवलं? गोंगाटात कोणाला ऐकू गेलं नाही. मग फोन कट झाला.
इन्स्पेक्टर आला नाही.
नाव उन्नती ठेवलं. हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मीनाने फोटो टाकला होता. खाली सगळ्यांनी अभिनंदन लिहिलंय. मीही लिहिलं.

४ जून २०२४
मितेश फोन उचलत नाही. स्वतः पावण्याला गेलो. आमच्या जुन्या कंपनीच्या गेटवरून रिक्षा गेली, वॉचमनने ओळखलं नाही.
मितेशचा गाळा तोच, बोर्ड नवा. मॉड्युलर किचन. मितेश आत प्लायवूड मोजत होता. मला बघून उठला, चहा मागवला. वागायला चांगला आहे. सोलरमध्ये दम राहिला नाही, म्हणाला. पॅनेल बनवणारी कंपनीच बंद पडली, तर इन्स्पेक्टर कुठून येणार?
वॉरंटीचा कागद काढून समोर धरला. त्याने वाचला, घडी करून परत दिला. "काका, कागद बरोबर आहे. कंपनी पाहिजे ना."
निघताना म्हणाला, किचनचं काही असेल तर सांगा. पंचवीस वर्षांची वॉरंटी देतो.

२५ जुलै २०२४
मालतीबाईंच्या बेडरूमच्या छताचं प्लास्टर पडलं. बरोबर पलंगावर. त्या स्वयंपाकघरात दूध तापवत होत्या म्हणून वाचल्या. आवाज आमच्या पाचव्या मजल्यापर्यंत आला. मी धावत वर गेलो. उशीवर सिमेंटचा ढीग आणि छतातून गंजलेल्या सळया दिसतायत. पाणी धारेने गळत होतं, बरोबर स्टँडच्या बोल्टखाली.
मालतीबाई ओरडल्या नाहीत. दाराला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "श्यामभाऊ, मी तुम्हाला मागच्या वर्षी सांगितलं होतं हो."
मी बादल्या लावल्या. भरल्या की मोरीत ओतायच्या, परत लावायच्या. दुसरं काही सुचेना. मीनाने त्यांचा हात धरून त्यांना आमच्या घरी आणलं. आता आमच्या बेडरूममध्ये झोपल्यात. मीना त्यांच्याजवळ. मी हॉलमध्ये.
आत जाताना मीना म्हणाली, "त्या पलंगावर असत्या तर?"
याचं उत्तर शोधतोय. माझ्याकडे उत्तर आहे. पावसाळा यंदा फार आहे.

२९ सप्टेंबर २०२४
जनरल बॉडी. राजीनामा खिशात नेला होता. विचार असा, की मी देऊ करायचा आणि सभासदांनी नाही म्हणायचं. देऊ केला. कोणी नाही म्हणालं नाही. गोटीरामशेठनी तो घडी करून फायलीत ठेवला. पुढचा विषय.
पुढचा विषय: मालतीबाईंचं छत. स्लॅबची ही अवस्था असेल तर पूर्ण बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट करू या, असं ठरलं.
सोलर बंद ठेवलंय. काढायलाही माणूस लागतो, तो कोणाला मिळत नाही. अभ्यास चालूच राहील. बंद अवस्थेतली झीज हाही एक विषय आहे. त्यावर फारसं काम झालेलं नसावं.

१९ जानेवारी २०२५
ऑडिटचा रिपोर्ट आला. माझी भोकं ही सगळ्यात किरकोळ गोष्ट निघाली. खालचे कॉलम आतून गंजलेत. रिपेअर करून उपयोग नाही. इंजिनीयर म्हणाला, बिल्डिंग पाडायलाच हवी.
मी विचारलं, आणखी किती वर्षं उभी राहील? तो म्हणाला, त्याची वॉरंटी मी देत नाही.
पंचवीस वर्षं टिकणारं पॅनेल शोधत होतो. खालच्या बिल्डिंगला कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.
मला वाटलं, सभेत रडारड होईल. तर सगळे खूश! रीडेव्हलपमेंट म्हणजे मोठा फ्लॅट, पार्किंग, नवी लिफ्ट. जिन्यात पेढे वाटले. मालतीबाईंनीही एक घेतला.

१५ ऑगस्ट २०२५
झेंडावंदनानंतर माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ.
मला वाटलं सोलरसाठी. दोन शब्द तयार केले होते. गोटीरामशेठ माइकवर म्हणाले, "यांनी टेरेसला भोका पारली, म्हनून पानी गललं, म्हनून ऑडिट झाला. नायतर आपुन सगले झोपेत खाली आलो असतो." हशा, टाळ्या. मालतीबाई उठून उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मनापासून.
भाषण केलं नाही. धन्यवाद म्हणालो.
शाल चांगली आहे. दोन धुण्यांत रंग जाईल. एवढं अजून सांगू शकतो.

२२ फेब्रुवारी २०२६
बिल्डिंग जवळजवळ रिकामी. आमचं सामान करावे गावात गोटीरामशेठच्या चाळीतल्या भाड्याच्या खोल्यांत गेलं. तळमजला. शेजारची भिंत इतकी जवळ की दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते.
आज भंगारवाला पॅनेलं न्यायला आला. मी वर हजर. त्याने मोनो आणि पॉली एकावर एक रचली. मी विचारलं, यातलं कुठलं चांगलं राहिलंय? बारकाईने बघ. त्याने बघितलं. "सब एक जैसा ही है अंकल. हमको फ्रेम का ॲल्युमिनियम चाहिए."
थिन फिल्मला हात लावला नाही. फ्रेम नाही. खाली काच, वर काच, हे कोण घेणार?
बिल्डरचा माणूस म्हणाला, उद्या टेरेस मोकळी हवी. लिफ्टची लाइन कापलेली. मग मी आणि मीनाने एकेक पॅनेल जिन्याने खाली आणलं. ती पुढे, मी मागे. प्रत्येक वळणावर मी म्हणायचो, कडेने धर, कडेने धर. ती कडेनेच धरत होती. तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली. मीही बसलो. घरं उघडी, दारं काढून नेलेली. तिच्या दोन्ही हातांना काचेचे वळ उठले होते. मी बघत राहिलो. तिचे हात आधी कधी बघितलेत असं आठवेना.
ती म्हणाली, "आता तरी पुण्याला जाऊ या का?"
मी हो म्हटलं. कुठलंही कारण न सांगता. तिला खरं वाटेना, म्हणून परत म्हटलं. हो.
पॅनेलं कंपाउंडच्या भिंतीला टेकवून आलो. काय होईल ते होवो.
संध्याकाळी मीनाने बॅग भरली. मी अबोलीला फोन लावला, उद्या सकाळी येतोय, महिनाभर राहू. ती म्हणाली, "बाबा, या ना. पण पुढच्या महिन्यात या. सासूबाई-सासरे आलेत आत्ता. उन्नतीला त्यांच्याशिवाय झोप येत नाही. आणि दुसरी खोली नाही हो."
म्हटलं, बरं. काही हरकत नाही.
मीनाने बॅग उघडून टॉवेल तेवढा बाहेर काढला.