दहापैकी दहा

१९ मे, सोमवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी इथे सुखरूप आहे. भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, लिफ्ट असताना जिने चढून दाखवायचं वय आता गेलं.

लहानपणी तू एकदा म्हणाली होतीस, "तू नुसती भातुकली मांडतेस, खेळायला कुणाला बोलावतच नाहीस." मी सात वर्षांची असेन. भांडी उंचीप्रमाणे लावली होती, इवल्याशा पिंपात पाणी भरलं होतं, आणि तुला दारातच अडवून म्हणत होते, थांब, अजून तयारी व्हायची आहे. तू कंटाळून निघून गेलीस. मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. भांडी मोजण्यात मी गर्क होते.

इथे आल्यापासून ते वाक्य सारखं आठवतं.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. "एकटी बाई त्या डोंगरात काय जाऊन बसलीस, आमच्याकडे ये" हे तिन्हींत आहे, फक्त शाई वेगळी. तुला वाटतं तसं वेड वगैरे लागलेलं नाही. विमा कंपनीत बावीस वर्षं मी लोकांची नुकसानं मोजली. आता कायमची राहायला जागा घ्यायची, तर आधी तिचं मोजमाप नको का करायला? म्हणून दोन खोल्या भाड्याने घेऊन सहा आठवडे झाले, मी हे खोरं तपासते आहे. पुन्हा पूर आला, वीज गेली, रस्ते तुटले, तर माणूस इथे आपल्या बळावर किती दिवस काढेल, एवढाच प्रश्न आहे. महिनाअखेरीस घरमालकाला हो की नाही ते सांगायचं आहे.

पाणी चांगलं आहे. घरामागे झरा आहे आणि ऐन उन्हाळ्यात बादली बेचाळीस सेकंदांत भरते. रोज सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून बघते. माती गुडघाभर खोल, खाली दगड. बटाटे, कांदे, शेंगा होतील. मोठी झाडं जगायची नाहीत. छपराला दिवसभर ऊन मिळतं, म्हणजे विजेची सोय होईल. रस्ता एकच, त्यावर एकच पूल. दवाखाना दोन तास चाळीस मिनिटांवर, तेही पूल जागेवर असेल तर. उंदीर भरपूर आहेत आणि माझ्याहून हुशार आहेत. पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडणारा उंदीर मी पहिल्यांदाच पाहिला.

प्रत्येक गोष्टीला मी दहापैकी गुण दिलेत. तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलाय.

खोऱ्यात एकूण अकरा घरं, सगळी एकमेकांपासून लांब. त्यांची एक पद्धत आहे. सकाळी सातच्या आत प्रत्येकाने कुंपणावर एक पांढरं फडकं घालायचं. वरच्या घराने खालच्या घराचं फडकं बघायचं. दिसलं नाही, तर उतरून जायचं. मला पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. पण माझ्या तक्त्यात फडक्याला रकाना नव्हता, त्यामुळे चौथ्या दिवशी विसरले.

आठ वाजता दारावर थाप पडली. माझ्या वरच्या घरात अवजारं दुरुस्त करणारे म्हातारे मिस्त्री राहतात. हातात काठी, घामाघूम.

"काय हो बाई, मेलात की काय ते बघायला आलोय."

"नाही हो, आहे जिवंत."

"मग तसं कळवायचं ना! माझा चहा राहिला वर."

त्यांना आत बसवून चहा टाकला. त्यांनी चष्मा लावला आणि भिंतीवरचा तक्ता मोठ्याने वाचायला लागले. "पाणी नऊ. माती सहा. दवाखाना दोन, जरा जास्तच दिलेत. मोबाइलला रेंज नाही..." तिथे थांबले. माझ्याकडे बघितलं, परत तक्त्याकडे बघितलं. "रेंज नाही याला दहापैकी दहा? लिहिताना चुकलात वाटतं."

"हो, चुकलं," मी म्हणाले.

चुकलं नव्हतं, ताई. ते मी नीट विचार करून लिहिलं होतं. फक्त कशाचा विचार करून, ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

आता सांगते. मध्येच वाचायचं थांबलीस तरी चालेल.

पुराचा पाचवा दिवस. आई नदीपलीकडे तुझ्याकडे. इकडे माझं घर म्हणजे नुसतं गोदाम होतं: पाणी, धान्य, मेणबत्त्या, औषधं. आणि फ्रिजवर माझ्याच अक्षरातला कागद: फोन सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दहा-दहा मिनिटं चालू, एरवी बंद, बॅटरी वाचवण्यासाठी. त्या संध्याकाळी चालू केला तेव्हा तुझे सोळा फोन येऊन गेल्याचे मेसेज आले. पहिला आठ दहाचा. शेवटचा अकरा पंचवीसचा. तुझी वीज गेली होती, आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं होतं, आणि बचाव पथकाची होडी सकाळभर माझ्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून दूध वाटत होती. मी खिडकीतून बघत होते. एक हाक मारली असती तर ती तुझ्याकडे आली असती.

मी तुला सांगितलं, रेंज नव्हती.

रेंज होती, ताई. पूर्ण होती.

आईच्या तेराव्याला मावशीने सगळ्यांसमोर विचारलं, "धाकटीला फोन नाही लावला?" आणि तू म्हणालीस, "रेंजच नव्हती, ती बिचारी काय करणार?" मी तेव्हा हातात ट्रे घेऊन उभी होते. तू माझी बाजू घेतलीस आणि मी पाहुण्यांना पाणी देत पुढे गेले. त्यानंतर तीन वर्षं तुझ्या घरी आले नाही. कामं आहेत म्हणाले. कामं नव्हती.

हे खोरं मला इतकं का आवडलं, ते मिस्त्रींमुळे कळलं. इथे रेंज खरंच नाही. इथे माझं खोटं निदान खरं तरी झालं असतं.

मिस्त्री गेल्यावर तो दहा खोडला. त्या जागी काय लिहायचं ते अजून ठरत नाही.

आता एक काम. इथल्या टपालवाल्या बाईंकडे एक वही असते. खोऱ्यात राहायचं तर प्रत्येकाने बाहेरच्या एका माणसाचं नाव द्यायचं. फडकं दिसलं नाही आणि दार उघडलं गेलं नाही, तर कळवायचं त्यालाच, आणि त्याने यायचं. नुसतं नाव चालत नाही, त्या माणसाची सही लागते. मागे एकाने पुतण्याचं नाव दिलं होतं आणि वेळ आली तेव्हा पुतण्या म्हणाला, मी त्यांचा कोण? तेव्हापासून सही.

तो कागद सोबत जोडलाय. माझ्याकडून भरलाय, खालचा चौकोन रिकामा आहे. बाहेरच्या माणसांत मला तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि सोळा वेळा हाक मारून जिला ओ मिळाली नाही, तिच्याकडेच मी हे मागते आहे, हेही कळतंय मला.

तू सही करणार नाहीस. तुझ्या जागी मीही केली नसती. तरी विचारते, ताई. करशील?

फडकं मी आता रोज सातच्या आत घालते.

तुझी,
त्या सकाळी फोन बंद ठेवून बसलेली
धाकटी