अकानिसीच्या पदकाची खरी हकिकत

नाईवुका गाव, तावेउनी बेट
१९ ऑगस्ट १९९६

प्रिय आणि आदरणीय मामेभाऊ, माजी सार्जंट-मेजर आपाकुकी यास (आदर तुझ्या गुडघ्यांना, ते माझ्या गुडघ्यांच्या आधी म्हातारे झाले),

तुझ्या आतेभावाचा, केलेमेदीचा, रामराम समज, आणि घरातल्या थोरामोठ्यांना माझा नमस्कार सांग. ऑकलंडला थंडी कशी आहे? सूनबाई अजून तुला दोन-दोन मोजे घालायला लावते का? चर्चमध्ये तुझा खर्जातला आवाज चालतो की तिथल्या लोकांनी तुला मागच्या बाकावर बसवलंय? आम्ही इथे सुखरूप आहोत. मार्चच्या वादळात स्वयंपाकघराचं छप्पर उडून शेजाऱ्याच्या केळीत पडलं. तो म्हणतो ते आता त्याचं. पाद्रीबाबांचं प्रवचन आणखी लांबलंय. तुझ्या वहिनीची, सेरेआनाची पाठ धरली होती, ती सुटली. ती पाठ धरली असतानाही माझ्यावर ओरडत होतीच, पण बसून. सुटल्यावर उभी राहून ओरडते, म्हणजे तब्येत छान आहे.

आता बसलेला असशील तर बसूनच राहा, आणि उभा असशील तर बस. आपल्या अकानिसीला सैन्यातल्या अव्वल नेमबाजाचं पदक मिळालं! होय, तेच पदक, जे तुला १९६९ साली मिळालं, आणि ज्याच्या जोरावर सत्तावीस वर्षं तू प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयताला आणि एकदा तर माझ्या दाढदुखीतसुद्धा मला विचारत आलास, "केलेमेदी, त्या वर्षी तू कितवा आलास रे?" मी चौदावा आलो. पंधरा जण होते. पंधराव्याला ताप होता. हे आता पुन्हा विचारायची गरज उरली नाही, कारण यापुढे मीच विचारणार आहे, "आपाकुकी, तुझ्या लेकरांपैकी कुणाला मिळालं रे पदक?" तुझ्या पदकावर परदेशातल्या राणीबाईंचं तोंड होतं. (चांगल्या बाई, माझं काही म्हणणं नाही.) आमच्या पदकावर आपलंच नारळाचं झाड आणि दोन भाले आहेत. आजवर हे पदक एकाही बाईला मिळालं नव्हतं. लान्स कॉर्पोरल अकानिसी पहिली. आणि माझी मुलगी. या दोन गोष्टींपैकी जी मोठी वाटेल ती तू आधी वाच.

मी आणि सेरेआना अंतिम फेरी बघायला राजधानीला, सुवाला गेलो ते बोटीने. बरोबर केतकीची मोठी चटई, मानाच्या पेयासाठी यांगोनाच्या मुळ्यांची जुडी आणि माझी लग्नातली करडी सुलू. ती मी कमरेला गुंडाळली तेव्हा तिची दोन टोकं एकमेकांना भेटेनात. सेरेआना म्हणाली, "सुलू तीच आहे. मधला माणूस बदललाय." शेवटी सेफ्टी पिन लावली. बोटीच्या कप्तानाला मी सांगितलं की माझी मुलगी अंतिम फेरीत आहे. मग इंजिनवाल्याला सांगितलं. मग बोट लागलेल्या लोकांना सांगितलं, ते बिचारे कुठे जाणार होते! एका म्हातारीला मी तीनदा सांगितलं असं सेरेआनाचं म्हणणं आहे, पण त्या तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्या होत्या. एकीने तर अकानिसीसाठी तिथेच प्रार्थना सुरू केली आणि बोट धक्क्याला लागली तरी संपवली नाही, त्यामुळे आम्ही सगळ्यात शेवटी उतरलो.

नेमबाजीच्या मैदानावर कोण भेटावं? कॅप्टन इलाइसा! तोच, ज्याला तू बंदूक कुठल्या बाजूने धरायची इथपासून शिकवलंस. आता सगळ्या स्पर्धेचा प्रमुख आहे, पोटाने आणि हुद्द्याने दोन्हीकडून वाढलाय. मी रीतसर बसून, टाळ्या वाजवून, यांगोनाची जुडी त्याच्यापुढे ठेवली आणि तुझं नाव घेतलं. तुझं नाव ऐकताच तो ताठ उभा राहिला. (बघ, तुझा अजून एवढा दरारा आहे. हे वाक्य लक्षात ठेव.)

अकानिसी न्याहारीला आमच्यापाशी आली. तिला दिलेला कोट कुठल्या तरी सहाफुटी गड्याचा होता, बाह्या तीनदा दुमडलेल्या. मी तिला बाजूला घेऊन माझी योजना सांगितली. तुला ठाऊकच आहे, तिथला वारा समुद्रावरून येतो आणि क्षणात पडतो. नेमबाज पालथा पडून लक्ष्याकडे बघत असतो, त्याला वाऱ्याची सगळी निशाणं कुठून दिसणार? म्हणून मी दोरीमागून वारा बघणार आणि खोकणार. एकदा खोकलो तर डावीकडे, दोनदा खोकलो तर उजवीकडे. तिने भाकरीचा तुकडा हातातच धरला आणि म्हणाली, "बाबा, नको."

"अगं, कुणाला कळणार नाही."

"बाबा. नको."

मी म्हटलं बरं. (मी बरं म्हटलं, म्हणजे मला ऐकू आलं एवढंच.)

शेवटची फेरी तीनशे मीटरवरून, दहा गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त पाच गुण. वॉरंट ऑफिसर विलिकेसा, म्हणजे तीन वर्षं सलग पदक नेणारा दांडगा गडी, आपली फेरी संपवून हाताची घडी घालून उभा होता. त्याला मागे टाकायला अकानिसीला पन्नासपैकी एकोणपन्नास हवे होते. दहा गोळ्यांत मिळून एक गुण गमवायची मुभा. अठ्ठेचाळीस झाले तर बरोबरी, आणि बरोबरीत जुना विजेता जिंकतो. मी हे गणित सेरेआनाला समजावून सांगत होतो, तर ती म्हणाली, "तू गप्प बसलास तर होईल."

पहिली गोळी पाच. दुसरी पाच. तिसरी पाच. पोरगी अशी शांत पडली होती, जशी दुपारच्या वेळी चटईवर झोपलीय. चौथ्या गोळीच्या आधी वाऱ्याची तांबडी निशाणं एकदम खाली पडली. आणि तेव्हा, मामेभाऊ, माझ्या घशात जरा खवखव झाली. किरकोळ. दोन वेळा. शेजारी उभ्या असलेल्या विलिकेसाच्या बायकोने प्रेमाने विचारलं, "भाऊ, पाणी देऊ का?" आणि त्याच क्षणी बंदूक वाजली. चार. मुभा संपली.

त्यावर अकानिसीने हात वर केला. कॅप्टन इलाइसा तिच्याजवळ जाऊन वाकला. तिने बंदुकीविषयी काहीतरी विचारलं असेल. मग तो उठला, आणि पोरगी पुन्हा गालाला बंदूक लावून पडली. आता सहा गोळ्या, सहाही काळ्या ठिपक्याच्या मध्यातच जायला हव्यात.

त्या सहा गोळ्यांचं वर्णन करायला पाद्रीबाबांची जीभ हवी. पाचवी पाच! सहावी, सातवी, आठवी, जणू घरात खिळे ठोकावेत तशा! नववीनंतर पावसाची सर आली. आपल्या सुवाची सर, तुला सांगायला नको. लोक चटया डोक्यावर घेऊन उभे राहिले, पण एकही जण हलला नाही. अकानिसीने गोळी झाडली नाही. ती थांबली. वेळ संपत आला तरी थांबली. विलिकेसाची हाताची घडी सुटली. सर जरा विरळ झाली तशी तिने श्वास सोडला आणि दहावी झाडली. समोरचं लक्ष्य खड्ड्यात खाली गेलं, वर आलं, आणि त्याच्या अगदी मधोमध गोळी लागल्याची पांढरी चकती. पाच! सेरेआना जी किंचाळली, ती किंचाळी तू ऑकलंडला ऐकली असशीलच. विलिकेसाने स्वतः जाऊन पोरीला चिखलातून उठवलं, सलाम ठोकला, आणि मग त्याने आणि एका शिपायाने मिळून तिला खुर्चीवर बसवून खुर्चीच उचलली.

पदक लावताना कर्नलसाहेबांनी तिला विचारलं, "नेम धरायला कुणाकडून शिकलीस?"

ती म्हणाली, "बाबांकडून, साहेब."

माझी छाती अशी फुगली की सेफ्टी पिन तुटली. (सुलू मी हाताने धरली. एका हाताने सलाम, एका हाताने सुलू.)

ती पुढे म्हणाली, "ते नारळ पाडायला दगड मारायचे. कधी लागला नाही. खाली उभी राहून वाट बघून बघून मी म्हटलं, आपणच शिकावं."

सगळी पलटण हसली, कर्नलसाहेब हसले, विलिकेसाची बायको तर डोळे पुसत होती. हसू देत. ते दगड माझेच होते.

गावात परतल्यावर लोवोच्या खड्ड्यात तापल्या दगडांवर दोन डुकरं भाजली, तीन दिवस गाणी चालली, आणि तुझ्या नावाचा यांगोनाचा प्याला मी स्वतः प्यायलो, कारण तू नव्हतास. सूनबाईंना आशीर्वाद, नातवंडांना गोड पापे, गुडघ्यांना खोबरेल लाव.

तुझा आतेभाऊ, पदकविजेतीचा बाप,
केलेमेदी

ता. क. तुझ्याशी खोटं बोललेलं माझ्या पोटात पचणार नाही, आणि सेरेआनाची चुलतबहीण ऑकलंडलाच असल्यामुळे ते टिकणारही नाही. शेवटच्या सहा गोळ्या मी पाहिल्या नाहीत. चौथ्या गोळीनंतर कॅप्टन इलाइसा थेट माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, खोकला फार आहे का?" मी म्हटलं, "नाही साहेब, बरा आहे." तो म्हणाला, "मग दोनदाच का येतो?" त्याने मला दोरीजवळून बाहेर काढलं आणि लिंबाच्या पानांचा गरम चहा घ्यायला म्हणून स्वयंपाकाच्या तंबूत धाडलं. तिथे माकेरिता नावाची सार्जंट स्वयंपाकीण आहे. ती म्हणाली, "बसलाच आहात तर हात चालवा," आणि सुरी देऊन दालोच्या कंदांचं पोतं पुढ्यात ओतलं. मैदानाकडे पाठ. मी फक्त आवाज मोजले. नववा झाला, आणि मग काहीच नाही. तंबूवर पाऊस वाजत होता. मला वाटलं बंदूक अडकली, मला वाटलं पोरीचा धीर सुटला, मला वाटलं हे सगळं माझ्या घशाने केलं. माकेरिता म्हणाली, "काका, तो कंद सोलून झालाय, आता बोट सोलताय." मग दहावा आवाज. आणि मग सेरेआनाची किंचाळी, ती मात्र मी स्वतः ऐकली.

ता. क. २. आता मुद्द्याचं. ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. निघताना कॅप्टन इलाइसाने मला हात जोडून सांगितलं की यापुढे मी मैदानाच्या दोरीजवळ यायचं नाही, कधीच नाही. पुढच्या वर्षी अकानिसीला पदक राखायचंय. तो तुझा चेला आहे, तुझं नाव ऐकून ताठ उभा राहतो हे मी वर लिहिलंच आहे. तू त्याला दोन ओळी लिही. लिही की केलेमेदी म्हातारा आहे, निरुपद्रवी आहे. वाटल्यास लिही की चौदावा आला होता. मी रागावणार नाही.

ता. क. ३. काका, मी अकानिसी. बाबांनी हे पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं, मी वाचलं. त्यांना बाहेर कॅप्टनसाहेबांनी काढलं नाही, मी काढायला लावलं. हात वर केला तो त्यासाठीच. मला राग आला नव्हता, काका, मला हसू येत होतं. ते दोन खोकले, आणि मग ती बाई पाणी विचारते! हसलं की बंदूक हलते. हे बाबांना कळवू नका, ते साहेबांवर रागावलेत तेच बरं आहे. जेवताना त्यांनी सोललेले कंद आमच्या पानात आले. सालीबरोबर अर्धा कंदच गेलेला, लिंबाएवढे उरले होते. मी सात खाल्ले. साहेबांना तुम्ही जरूर लिहा. पुढच्या वर्षी बाबांना दोरीच्या आत, अगदी पुढे खुर्ची द्यायला सांगा. खोकले तरी चालतील. मी एक गुण त्यांच्यासाठी बाजूला ठेवीन.