माझा आवाज आला की

शुक्रवार, १४ मार्च १९५८. संध्याकाळ.

आज दादरला मेहुण्याच्या घरी जाऊन आलो. सुलभा आमच्या मुलीला, मालूला घेऊन तिथे गेली, त्याला महिना होईल. मालूनं वहीवर शाई सांडली म्हणून मी तिला पट्टीनं मारलं. सुलभा मधे पडली, तर तिलाही. त्या दिवशी मोर्चात लाठी खाऊन आलो होतो, पण ती सबब झाली. त्याआधीही मारत होतोच की.

सुलभानं दारातच थांबवलं. "तुमचा आवाज आला की मालूचं पोट दुखतं. आत्ताही दुखतंय."

पोट! काकांच्या वहाणा जिन्यात वाजल्या की माझंही असंच दुखायचं. आई-वडील गेल्यावर मी त्यांच्याकडेच वाढलो, त्यांचा मार खात. लग्नाला नऊ वर्षं झाली, सुलभाला हे कधी सांगितलं नव्हतं. आज जिन्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "म्हणजे कसं दुखतं ते तुम्हाला ठाऊक होतं. तरी मारलंत?"

मी जिना उतरायला वळलो.

पुढच्या शुक्रवारी या म्हणाली, पण दारापर्यंतच.

ट्रामनं गिरगावात परतलो. गॅलरीत शेजारचे नाना उभे होते. "मंडळी अजून माहेरीच?"

महिनाभर सासूबाईंच्या आजारपणाचं सांगत आलो. आज म्हणालो, "मी मारतो म्हणून गेली."

नाना आत गेले आणि दार लावून घेतलं.