वासराची जीभ आणि देवाचा पाय

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. पत्र पाहून तू आधी घाबरशील, मग पाकीट उलटसुलट करून बघशील. सगळं क्षेम आहे. परवा फोनवर तू माझ्या बाळीचं विचारलंस आणि मी ‘आवाज येत नाही गं’ म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला खणखणीत येत होता. पण जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेले असते, तर तू मला पहिल्याच वाक्याला अडवलं असतंस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. कागदाच्या मागे मांजर दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. यंत्रानं काढलेली चित्रं इथं ढिगानं टाकून देतात आणि मागची बाजू कोरी करकरीत. मी ती गोळा करते. बाळीला लाज वाटते, वाटू दे.

ही जागा कसली आहे, असं तू तीनदा विचारलंस आणि मला धड सांगता आलं नाही. आता दोन महिने राहिल्यावर सांगते. हे परदेशातलं कलावंतांचं माहेर आहे. राहायला खोली, कामाला मोठी खोली, दोन वेळचं जेवण, आणि परत कधी जाणार असं कुणी विचारत नाही. अट एकच, त्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्राबरोबर काम करून बघायचं. जावईबापूंना रजा नाही, त्यांची चिऊ अजून बोट धरून चालणारी, म्हणून बाळीबरोबर मी. आमच्या शेजारच्या खोलीत व्हायोलिनवाली बाई आहे. ती एक सूर वाजवते, यंत्र पुढचा लावतं, मग ती त्याच्याशी कडाकडा भांडते. भाषा कळत नाही, पण भांडण कळतं. माझं काम म्हणजे दुकानात जाणं, धुणं आणि चिऊ एवढंच. दुकानात वस्तू उचलते, मनात आपल्या पैशांत गुणते आणि परत ठेवते. त्यामुळे खर्चाची वही अगदी सडपातळ आहे.

बाळीनं कुंचला का ठेवला होता, ते तुला ठाऊक आहे, पण सगळं नाही. पोरांच्या पुस्तकांची चित्रं काढण्यात तिची दहा वर्षं गेली. मग त्या प्रकाशकानं बोलावून यंत्राची चित्रं पुढे ठेवली आणि म्हणाला, बघा, अगदी तुमच्यासारखीच आहेत. वाईट आहेत म्हणाला असता तर ती भांडली असती. ‘तुमच्यासारखीच’ म्हटल्यावर भांडणार कुणाशी? घरी आली, रंग माळ्यावर टाकले आणि त्यानंतर चिऊला साधं फूलसुद्धा काढून दिलं नाही. मी देवाला रोज एकच सांगत होते, तिला पैसा नको देऊस, नाव नको देऊस, तिचा हात तेवढा परत दे.

इथं आल्यावर तरी हात चालेल म्हटलं, तर हात राहिला बाजूला आणि तोंड सुरू झालं. दिवसभर यंत्रापुढे बसून त्याला सांगायची, मांजर काढ, छत्री काढ, छत्रीखाली मांजर काढ. आणि ते काढायचं की! चहा निवायच्या आत. ती नुसती बघत बसायची, हातात पेन्सिल नाही, चेहऱ्यावर काही नाही. मी टाकलेली मांजरं गोळा करायचे आणि चिऊला घेऊन बाहेर पडायचे.

आता मुख्य गोष्ट. येताना चिऊची औषधं बॅगेत काढ-घाल करताना देवाची तसबीर घरीच राहिली. इथं येऊन कळलं तेव्हा मला रडूच आलं. मी नुसता डोळे मिटून नमस्कार करत होते. पहिल्या दिवशी उदबत्ती लावली, तर छताला लावलेली धुराची घंटा अशी किंचाळली की सगळी इमारत अंगणात. तेव्हापासून फुलावर भागवते. इथं यंत्रांची देखभाल करणारा दाढीवाला आहे, मी त्याला मेकॅनिक म्हणते, त्याला ते आवडतं. त्याला माझी अडचण कळली. त्यानं बाळीला देव कसा दिसतो ते विचारून घेतलं आणि यंत्राकडून काढवून जाड कागदावर छापून आणला. बासरी धरलेला, पायावर पाय टाकून झाडाखाली उभा, मागे वासरू टाच चाटतंय. काय तेज सांगू ताई! मी खिडकीच्या फळीवर ठेवला, फूल वाहिलं आणि मनापासून हात जोडले. देवाला काय, तो दगडात येतो, मग यंत्रात यायला त्याची काय हरकत?

मी तृप्त होते. बाळीला मात्र तो देव सोसेना. सकाळी चहाचा कप हातात घेऊन फळीपुढे उभी राहायची आणि चुकचुकायची. एक दिवस म्हणाली, नीट बघ, वासराची जीभ कुठे संपते आणि देवाचा पाय कुठे सुरू होतो? मी चष्मा लावून पाहिलं. खरंच, दोन्ही एकच झालं होतं. मी म्हटलं, भक्त आणि देव एक झाले, यात चूक काय? तिनं कपाळावर हात मारला. मला मात्र तो पाय जास्तच आवडायला लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी हात जोडते आहे आणि ही मागून कुरकुरते आहे. शेवटी तिला राहवेना.

“आई, हा देव उभा कशावर आहे? याच्या अंगाचा भार कुठल्याच पायावर नाही. असा माणूस पडेल.”

“देव पडत नाही,” मी म्हटलं.

झालं! माझा पाठकोरा कागद ओढलान्, चिऊचा खडू घेतलान् आणि मला दाखवायला म्हणून रागारागात पाय काढलान्. वाकडा आला. दुसरा काढला, तोही वाकडा. म्हणाली, ऊठ, उभी राहा. मग काय ताई, मी कपाटाला टेकून, पायावर पाय टाकून, लाटणं तोंडाशी आडवं धरून, या वयात, गुडघ्याची बोंब असताना! वासरू चिऊ झाली. तेवढ्यात मेकॅनिकनं दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. दुपारच्या जेवणाचं कुणाला भान राहिलं नाही. चिऊ कंटाळून पळाली तरी मी उभीच होते. हलले असते तर ती थांबली असती, अशी भीती वाटत होती.

त्या दिवसापासून ती रोज काढते आहे. यंत्र सोडलं नाहीये, उलट दोघांची आता गट्टी आहे. त्याला काढायला लावते, त्यात कोण नीट उभं राहत नाही ते शोधते आणि तेवढं स्वतः काढते. व्हायोलिनवाली येऊन मान डोलावून जाते. बाळी वासराच्या गोष्टीचं पुस्तक करायचं म्हणते. कुणी छापेल असं नाही, तीच सांगते, पण सांगताना गुणगुणत असते. फळीवर आता दोन देव आहेत. यंत्राचा काढून टाक म्हणून ती मागे लागली आहे. मी म्हटलं, एकदा हात जोडलेला देव मोडीत घालत नाहीत. तो बिचारा आला नसता, तर तुझा तरी कुठून आला असता?

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. भाऊजींनी शाळेच्या कचेरीतली जागा बाळीसाठी अडवून ठेवली आहे. मीच तुझ्यापुढे पदर पसरला होता आणि ती परत आली की रुजू होईल असा शब्द दिला होता. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. मी हे लिहिते आहे, ते बाळीला माहीत नाही. ती अजूनही म्हणते, आईनं मावशीला शब्द दिलाय, मी जाईन. आणि ती जाईलही, माझी पोर आहे. चार पैसे नक्की मिळाले असते आणि मला ते सोडवत नाहीत, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तू रागावशील, भाऊजींना वाईट वाटेल. त्यांचे पाय मी येऊन धरीन. पण शब्द मी दिला होता, बाळीनं नाही. म्हणून तो मोडायचा तर मीच मोडायला हवा. जन्मात पहिल्यांदा मोडते आहे ताई, आणि खोटं कशाला सांगू, फार हलकं वाटतंय.

तुझीच, रागावलीस तरी तुझीच,
धाकटी