शिलाई मशीनच्या पत्र्यावर जुळलेली डबी

दादा,

तुला नमस्कार, वहिनीला जरा जास्त. तिचा गुडघा कसा आहे? दुखत असेल तर तिला जिना चढायला लावू नकोस, चहा तूच खाली नेऊन दे. आम्ही मजेत आहोत, म्हणजे हे मजेत आहेत.

तुझ्या भंगाराच्या दुकानातून यांना जे पोतं दिलंस, त्याने माझं घर खाल्लं. आत नुसत्या तीन तोंडांच्या जड डब्या. सर्क्युलेटर म्हणे. (एका तोंडातून घातलेलं दुसऱ्यातून बाहेर पडतं, आल्या वाटेने मागे फिरत नाही. यांच्या दोन्हीकडून बोलायच्या बिनतारी रेडिओवर बोलताना लहर मागे फिरली की यंत्र जळतं. यांचं जळलं, दुरुस्त करून आणलं, पण डबी लावल्याशिवाय चालू करायची भीती. म्हणून जुन्या कामावरच्या सोबत्याशी बोलणं बंद आणि दिवसभर माझ्याशी सुरू.) डब्यांवरचे कागद गळून गेलेले, त्यामुळे कोणती कुठल्या फ्रिक्वेन्सीची हे एकेक मीटरला लावून बघायचं. मग वर चपटं लोहचुंबक ठेवायचं, केसभर सरकवायचं, स्क्रू फिरवायचा, आणि मीटरचा काटा हवा तिथे येईपर्यंत घरात कोणी शिंकायचं नाही.

हे सगळं कुठे, तर माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर! वर लोखंडी पत्रा, खिडकीचा उजेड. शाळा उघडायला आल्या, दुकानदार गणवेशांसाठी दारात उभा, आणि मी बाह्या मांडीवर घेऊन हाताने टाचतेय. एकदाची एक डबी जुळली. हे असे हरखले, जसं काही घरात बाळ आलं. उचलून कपाटातल्या रेडिओला लावली, तर बिघडली. परत टेबलावर आणली, तर ठणठणीत. पुन्हा कपाट, पुन्हा टेबल. शेवटी यांच्या डोक्यात उजेड पडला, की डबीवरचं चुंबक खालच्या लोखंडी पत्र्याच्या ओढीसकट जुळलं होतं, पत्रा सुटला की जुळणीही सुटली. म्हणाले, "पत्राच कापून डबीखाली लावू. तू मशीन जमिनीवर मांड." मी म्हटलं, "आधी तुमचं बिऱ्हाड जमिनीवर मांडते." तेव्हा रविवारी टेम्पो घेऊन ये आणि पोतं उचल. माझा निर्णय झालाय.

तुझी बहीण

ता. क. काल यांच्यापुढे भाजी चिरायचा लाकडी पाट आपटला आणि टेबल सोडवलं. अर्धे गणवेश उरकले. डबी पाटावर जुळली, ती कपाटातही टिकली. संध्याकाळी सोबत्याचा आवाज आला. दोघं पाठदुखीवर इतकं बोलले, की मला दोन विजारी सलग शिवता आल्या.

आणखी एक. पोतं न्यायला येऊ नकोस, दुसरं असेल तर घेऊन ये. त्या सोबत्याकडे अशी डबी नाही, आणि या पोत्यात त्यांच्या फ्रिक्वेन्सीची एकच निघाली. त्याचं यंत्र जळलं, तर हे परत माझ्याशी बोलायला लागतील.