ठिपक्याची फुगीर बाजू

तीर्थरूप आईस लवंगीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. फक्त डोकं तापलंय.

दाताच्या एक्स-रे फिल्मच्या कोपऱ्यात एक ठिपका असतो. त्याची फुगीर बाजू आपल्याकडे ठेवून बघायचं, नाहीतर डावी दाढ उजवी दिसते. काल मी काढलेली फिल्म आमच्या डॉक्टरांनी उलटी धरली. खुर्चीतल्या आजी सांगत होत्या, दुखतेय ती दुसरी. डॉक्टर म्हणाले, फिल्ममध्ये स्पष्ट दिसतंय, आणि धडधाकट दाढ उपटली. आता खापर माझ्यावर, माफीनामाही मीच लिहायचा. बोटं झडली तरी लिहिणार नाही.

तुझी दाढ अजून ठणकते का? दवाखान्यात गेलीस की दुखतेय तिच्यावर बोट ठेव आणि कोणी कितीही दटावलं तरी हलवू नकोस.

तुझीच,
लवंगी